बाईंच्या कमानी

बाई, तुमच्या कमानींचा अर्थ काय, असं मला लेखी विचारलंय आणि सोमवारच्या आत उत्तर द्यायचंय. विचारणारे एका दूरच्या शहरातल्या संगीत विद्यालयाचे परीक्षक आहेत. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, त्यामुळे तुमच्याबद्दल कुणी काही विचारेल ही सवयच मोडली होती. बुऱ्हाणपुरात तुम्हाला ओळखणारी जी थोडी माणसं उरलीत, त्यांना कागद कारखान्याच्या क्लबात पेटी वाजवणाऱ्या बाई एवढंच आठवतं. पेटी नव्हे हो, पियानो, असं पूर्वी मी सांगायची. आता सांगत नाही. तर झालंय असं, की माझी एक विद्यार्थिनी आहे, जसोंडी गावची. घरची केळीची शेती. यंदा बारावी झाली. स्कूटीवरून इथल्या लालबागेत माझ्या कीबोर्डच्या क्लासला येते, आणि बोटं अशी की तुम्ही असतात तर तिला रागावायला मुद्दाम कारणं शोधावी लागली असती. तिला त्या विद्यालयात जायचंय. तिथे प्रवेशासाठी बाकीच्या गोष्टींबरोबर एक रचना आपल्या भागातल्या कुणाची तरी हवी होती, वाजवलेली आणि कागदावर लिहिलेली, दोन्ही. आपल्या भागातली पियानोची रचना म्हणजे तुमची ती एकच. पोरीनं वाजवली, मी कागदाची सुवाच्य नक्कल करून दिली, दोन्ही गेलं आणि पुढच्या फेरीचं बोलावणं आलं. सोबत ही विचारणा: रचनेत ठिकठिकाणी जी लांब वक्र खूण आहे तिच्यामागे रचनाकाराचा हेतू काय, हे मार्गदर्शकांनी लेखी कळवावं, आणि विद्यार्थिनीनं समक्ष तसं वाजवून दाखवावं. ते पटलं तर पोरगी जाईल. नाही पटलं तर इथेच बी.कॉम. करील, आणि त्यापुढचं तिच्या घरचे ठरवतील. मार्गदर्शक म्हणजे मी. रचनाकाराचा हेतू मी कुठून आणू?

तुमचेच कागद तुम्हाला समजावून सांगणं विचित्र आहे, पण तुम्ही ते शेवटचे पाहिलेत त्याला फार काळ लोटला. छापील पुस्तकात सुरांवर कमान आली की ते सूर एका श्वासात, एकमेकांना न सोडता वाजवायचे, हे तुम्हीच शिकवलंत. तुमच्या हस्तलिखितात तशा कमानी आहेतच. लहान, नीटस, पहिल्या सुराच्या डोक्यापासून शेवटच्या सुराच्या डोक्यापर्यंत. त्यांच्याबद्दल वाद नाही. वाद आहे तो मोठ्या कमानींचा. उजव्या हाताचा एक सूर येतो, त्याच्यावरून कमान निघते, आणि मग उभ्या रेघांमधली घरंच्या घरं रिकामी. सूर नाही, विरामाची खूण नाही. पुढे कुठेतरी दुसरा सूर येतो तिथे कमान उतरते. खाली डावा हात तेवढा वेळ दोनच सुरांवर झुलत असतो, पाळण्याची दोरी ओढल्यासारखा. तुम्हाला विरामाच्या खुणा येत नव्हत्या म्हणावं, तर बाकी सगळीकडे त्या बिनचूक आहेत. मग इथे काय करायचं? तो आधीचा सूर दाबून धरायचा आणि विरेल तसा विरू द्यायचा, की हात उचलून गप्प राहायचं? पोरीनं पहिल्याच दिवशी त्यावर बोट ठेवलं होतं. "मॅम, ये वाली जी मोठी लाइन आहे ना, यात पकडून ठेवायचं का छोडून द्यायचं?" मी म्हटलं, पकडून ठेव. का, ते तिनं विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. मधे एक कमान अशी आहे की तिच्याखाली डावा हातसुद्धा थांबतो, दोन्ही ओळी कोऱ्या. आणि शेवटच्या कमानीनं तर कहरच केलाय. ती शेवटच्या सुरावरून निघते, शेवटची जाड रेघ ओलांडते आणि कोऱ्या कागदात कुठेही न उतरता तशीच जाते.

हे सगळं वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर, आपला कारखाना तोच करायचा. रिळाच्या टोकाचा उरलासुरला कागद तेव्हा कारखान्याच्या वसाहतीत घरोघर असायचा. आमच्याकडे त्यावर पापड वाळायचे, तुमच्याकडे त्यावर तुमचे यजमान, आमचे काका, पाच-पाच रेघा आखून द्यायचे. काका ड्रॉइंग ऑफिसातले, त्यामुळे रेघा अशा की त्यांच्यात एक सूत इकडेतिकडे सापडणार नाही, आणि त्यांच्यावरचे तुमचे सूर मात्र बाजाराला निघालेल्या बायकांसारखे घाईत. तुम्ही गेल्यावर क्वार्टर सोडताना काकांनी सुतळीनं बांधलेली ती गुंडाळी मला आणून दिली. म्हणाले, "तुझ्याकडं राहू दे. माझ्याकडं राहिली तर एखाद्या दिवशी मी हिच्यात भाजी गुंडाळीन." आता काकाही नाहीत. तो कागद मुळात एक दिवस जगण्यासाठी केलेला असतो, तुमचा इतका टिकला हेच पुष्कळ. रंग चहासारखा झालाय आणि उलगडताना कडा पापडासारख्या तुटतात. म्हणजे मी नक्कल करताना जे काढीन तेच उद्या तुमचं म्हणून उरणार. मी मोठ्या कमानी जशाच्या तशा काढल्या, अगदी त्यांची थरथरसुद्धा. अर्थ कळत नसला की नक्कल फार इमानदार होते.

क्लबातला पियानो तुम्हाला आठवत असेलच. मशीन बसवायला आलेल्या परदेशी इंजिनियरांसाठी कधीतरी तो आणला होता; ते गेले आणि पियानो राहिला. आतल्या बनातीला कसर लागलेली, पावसाळ्यात पट्ट्या फुगून एकमेकींना चिकटायच्या, आणि पायांशी जी पेडलं असतात त्यांतलं एक तारेनं बांधलेलं, दुसरं नुसतंच लोंबणारं. पाय ठेवायची जागा नाही ती, असं तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत. संध्याकाळी साहेब लोक पत्त्यांना बसायचे, तेव्हा पोरांना आत मज्जाव. म्हणून तुम्ही तो पाट केलात. जेवायला बसायचा साधा लाकडी पाट, पण लांब, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेला, आणि त्याच्या खालच्या अंगाला ऑइलपेंटनं रंगवलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या. गणपतीत तो सुलटा व्हायचा. वर मूर्ती, खाली पट्ट्या. "आता विसर्जनापर्यंत सुट्टी," तुम्ही म्हणायचात, "बाप्पांचा रियाज चाललाय." एरवी तो ओट्यावर शेगडीच्या डाव्या बाजूला उलटा पडलेला असे. शाळा सुटली की मी यायची आणि तेलाच्या रिकाम्या डब्यावर उभी राहायची. तुम्ही शेजारी उभ्या, पदर खोचलेला, एक डोळा भाजीवर. पाटावर सूर चुकला तर ऐकू येत नाही, पण तुम्हाला तो दिसायचा. "काळी पाच नाही, काळी चार," तुम्ही कढईकडे बघतच म्हणायचात. मला वाटायचं तुमच्या कानांतच काहीतरी वेगळं आहे. बाहेरच्या खोलीतून तुमच्या सासूबाई विचारायच्या, "काय टकटक करी राहिनी व? दूध देख आधी!" टकटक एवढीच तक्रार. ज्याचा आवाजच नाही त्याला मनाई तरी कशी करणार? पुढे अर्धांगानं त्या अंथरुणाला खिळल्या, तेव्हा ती तक्रारही बंद झाली. घशातून एक आवाज यायचा आणि तुम्ही हात पुसत आत जायचात.

तुमच्या बोलण्यावरून काही ठरवावं म्हटलं, तर तुम्ही दोन्ही तोंडांनी बोललेल्या आहात. एकदा मी एका सुरावर रेंगाळले तर माझं मनगट वर उचलत तुम्ही म्हणालात, "सूर म्हणजे काय मामाचा हात आहे, जत्रेत हरवशील म्हणून धरून बसायला? सोड." मी तो धडा असा काही मनावर घेतला की पुढच्या आठवड्यात सगळंच तोडून वाजवायला लागले. मग दुसरी बाजू. "सोडलास? मी म्हटलं सोड? घरात पाहुणा बसलाय आणि तू दार उघडून उभी!" मी रडले होते. तुम्ही कणकेच्या हातानं माझे डोळे पुसायला आलात आणि पिठामुळे ते जास्तच झोंबले. मोठ्या कमानीबद्दल मी तेव्हासुद्धा विचारलं होतं. तुमच्या रचनेचा कागद ओट्याच्या वरच्या फळीला चिमट्यानं लावलेला असायचा, वाफेनं ओलसर झालेला. मी विचारलं, बाई, हे लांब लांब काय काढलंय? तुम्ही न बघता सांगितलंत, "ते माझं आहे. तुला नाही लागत." पोरांना हाकलायची ही पद्धत घराघरात असते, म्हणून मी पुढे विचारलं नाही. आता लागतंय, बाई.

ऐकणाऱ्यांची साक्ष घ्यावी, तर ती एकाच दिवसाची आहे. वसाहतीतल्या गणेशोत्सवाचा कार्यक्रम, क्लबचा हॉल, खाली सतरंज्या, मागे खुर्च्या. मी अगदी पुढे बसलेय. पियानो भिंतीला टेकवलेला, त्यामुळे तुमची पाठ लोकांकडे. हिरवं लुगडं, मानेवर घाम, अंबाड्यात अबोली. तुम्ही वाजवता आहात आणि मला तो कागद पाठ असल्यासारखा दिसतोय, कारण रोज ओट्यावर त्याच्याकडे बघत मी पाट बडवलाय. मग ती मधली कमान येते, दोन्ही हातांची. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज. तुमची पाठ हलत नाही. तुमचे हात पट्ट्यांवर आहेत की हवेत, ते मला दिसत नाही. त्या क्षणाबद्दल एवढंच मला पक्कं माहीत आहे. खुर्च्यांमधून एक साहेब टाळी वाजवतात. साहेबांनी वाजवली म्हणून सगळे वाजवतात. निवेदक माइक धरून पुढे येतो, "बहुत खूब, बहुत खूब! अब आपके सामने..." आणि तुमचा डावा हात पुन्हा सुरू होतो. दोन सूर, झुलते. कुणीतरी हसतं. निवेदक माइक खाली धरून तिथेच उभा राहतो, लग्नात चुकीच्या मांडवात शिरलेल्या पाहुण्यासारखा. तुम्ही शेवटपर्यंत वाजवलंत. शेवटी टाळ्या नाहीत. त्या एकदा वाजवून झाल्या होत्या. घरी जाताना मी तुमच्याबरोबर चालत होते. मला वाटलं तुम्ही काही तरी बोलाल. तुम्ही म्हणालात, "भात टाकायचा राहिलाय." त्यानंतर ती रचना तुम्ही क्लबात वाजवली नाहीत.

तर माझ्यासमोरचा पेच असा आहे. धरून वाजवलं तर रचना गोड वाटते, गुळगुळीत वाटते, आणि परीक्षकांनी नेमकं तेच हेरलंय की कागदावर हे कुठे लिहिलंय. सोडून वाजवलं तर कागदाशी जास्त जुळतं, पण मग जे तुमचं क्लबात झालं तेच या पोरीचं तिथे होईल. मी तसंही करून पाहिलं. क्लासमध्ये तिला सगळ्या मोठ्या कमानींना हात उचलायला लावला. त्या दिवशी तिचे वडील तिला सोडायला आले होते, दाराशी चपला काढून केळ्यांची फणी मांडीवर घेऊन बसले होते. भला माणूस. पोरीचा घरचा मोठा कीबोर्ड त्यांनीच हौसेनं आणलेला, तिच्या मागे उभं राहणारं घरात तेवढं एकच माणूस. वाजवून झाल्यावर जपून विचारतात, "मॅडम, बीच में लाइट गेलती का?" पोरगी वैतागली. "पप्पा, ते म्युझिकच तसं आहे!" ते म्हणाले, "हाँ, तर सांगायचं ना पहिले." मला त्यांचा राग आला नाही. परीक्षकांनाही हेच वाटणार, फक्त ते विचारणार नाहीत. शेजारच्या पॉवरलूमची खटखट खिडकीतून येत होती. ती तेवढी कुठेही न थांबता चालू होती.

माझ्या लग्नात तुम्ही एक पातेलं दिलं होतंत. जाड बुडाचं, दूध तापवायचं. बाकीच्यांनी साड्या दिल्या, भिंतीवरची घड्याळं दिली, एकानं तर पेटीच दिली, आणि माझ्या गुरूनं पातेलं. मला ते लागलं होतं, खोटं कशाला सांगू. तुमच्याकडून मला एखादं पुस्तक हवं होतं, तुमच्या हातचं दोन ओळी लिहिलेलं. तुम्ही पातेलं हातात ठेवून म्हणालात, "बूड जाड आहे. वेळ मिळतो." मी हसून बाजूला ठेवलं. ते अजून आहे, कान एकदा डागून घेतलाय, आणि रोज त्यातच दूध तापतं.

गेल्या आठवड्यात सकाळी त्याच पातेल्यात दूध ठेवून मी ओट्याशी उभी होते. क्लास खाली, घर वर. कीबोर्डापाशी जायचा कंटाळा आला होता. मसाल्याच्या डब्याला फोन टेकवून तुमच्या कागदाचा फोटो लावला आणि ओट्याच्या दगडावर बोटं चालवत राहिले, मोठ्या कमानीला धरू की सोडू, धरू की सोडू. इतक्यात दूध वर आलं. माझा उजवा हात आपणहून गॅसच्या बटणाकडे गेला. डावा ओट्यावर होता तिथेच दोन बोटांवर झुलत राहिला, कारण तो थांबला असता तर मी कुठे आहे ते हरवलं असतं. दूध खाली बसलं. उजवा हात परत आला आणि जिथे कमान उतरते नेमक्या त्या सुरावर पडला.  मग फोटो मोठा करून एकेक मोठी कमान पाहिली. मधली एक सोडली तर सगळ्या उजव्या हाताच्या. शेगडी तुमच्या उजव्या हाताला होती. मोठ्यांतल्या त्यातल्या त्यात आखूड कमानी म्हणजे भाजी हलवणं असेल, त्याहून लांब म्हणजे पोळी उलटणं, दूध उतरवणं. आणि दोन्ही हातांची ती मधली कमान मला ओळखू आली. बाहेरच्या खोलीतून तो घशातला आवाज यायचा. सासूबाईंना कुशीवर वळवायला दोन्ही हात लागायचे.

माझ्या लक्षात यायला इतकी वर्षं लागली याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. तुम्ही ती रचना पियानोवर केलीत असं मी धरून चालले होते, आणि पियानोवर केलेल्या रचनेत दूध शोधायला कोण जातं? ती पाटावर झालेली आहे, स्वयंपाक चालू असताना, आवाजाशिवाय. हात जिथून गेला आणि जिथे परत आला तेवढं तुम्ही खुणेनं मांडून ठेवलंत. बरं, हे कळून पेच सुटला म्हणावं तर तसंही नाही. हात दुधाकडे गेला हे कळलं. पण पाटावर मुळात सूर नाहीच. होता तो तुमच्या डोक्यात. हात गेल्यावर तो डोक्यातला सूर सुटायचा की तसाच धरलेला असायचा? सासूबाईंच्या पाठीखाली हात घालताना तुम्हाला काय ऐकू येत होतं? हे मला कोणत्या कागदातून कळणार? क्लबात तुमच्या उजव्या हाताला शेगडी नव्हती, बाहेरच्या खोलीत कुणी कण्हत नव्हतं, तरी तुम्ही तेवढा वेळ थांबलात. म्हणजे तोवर ते थांबणं रचनेतच मुरलं होतं, एवढं मला खात्रीनं म्हणता येतं.

पोरीला सांगितलं. तिचे डोळे चमकले. "मॅम, हेच लिहा ना! ये स्टोरी उन लोगों को बहुत पसंद येईल. किचनमधली कंपोजर, सासू, दूध. सिलेक्शन पक्कं!" ती खोटं बोलत नव्हती. त्यांना आवडेल. त्यांना इतकं आवडेल की मग रचना ऐकायची गरजच उरणार नाही. डोळे ओले करून पोरीला आत घेतील. आणि तुम्ही होऊन जाल बिचाऱ्या बाई, स्वयंपाकघरात कुचंबलेल्या. तुम्ही कुचंबल्या होतात की नाही ते मला माहीत नाही. कधी बोलला नाहीत. मी पाहिलंय ते एवढंच, की तुम्ही चांगला भात करायचात, रागीट होतात, आणि कढईतून डोळा न काढता माझी काळी चार पकडायचात. मी पोरीला म्हटलं, ते लिहायचं नाही. ती हिरमुसली. मग स्टुलावरून पाय खाली लोंबवत म्हणाली, "तो फिर मॅम, पेडल दाबून हात उचलला तर? सूर पण राहतो, हात पण फ्री."

बाई, पाय दाबला की हात काढला तरी सूर वाजत राहतो; ही गोष्ट मी स्वतः इतक्या मुलांना शिकवलीय. पण तुमचा कागद समोर आला की मला पाय असल्याचं आठवतच नाही. त्या पियानोवर वाढलेल्या माणसाला पेडल म्हणजे तारेनं बांधलेली काहीतरी धोक्याची वस्तू. आणि पाटाला तर पेडल कुठून? पोरीनं पेडल दाबलं, सूर वाजवला, हात उचलला. हात मांडीवर येऊन बसला आणि सूर खोलीत तसाच. डावा हात झुलत होता. मधल्या कमानीला तिनं दोन्ही हात काढून घेतले, आणि वाजलेलं सगळं हवेत एकमेकांत मिसळत बारीक होत गेलं, पण गेलं नाही, ती परत येईपर्यंत गेलं नाही. या वेळी कुणालाही लाइट गेली असं वाटलं नसतं. मला फार बरं वाटलं आणि थोडा मत्सरही वाटला, तुमच्या वतीनं. एवढं पायाशी असतं तर तुम्हाला भाताकडे इतक्या घाईनं जावं लागलं नसतं. की लागलंच असतं?

उत्तर मी लिहून ठेवलंय, उद्या पाठवीन. चार ओळीच आहेत. या खुणेच्या जागी हात पट्टीवरून काढून घ्यावा. सूर मात्र सोडू नये. रचना ज्या वाद्यावर झाली त्याला पेडल नव्हतं, असल्यास वापरावं. रचनाकाराची ही स्वतःची खूण आहे, ती इतरत्र सापडणार नाही. ज्या वाद्यावर म्हणजे कोणत्या, ते मी लिहिलेलं नाही. सूर सोडू नये हे मी कशावरून ठरवलं असं त्यांनी विचारलं, तर माझ्याकडे पुरावा नाही. एवढा एक हेतू मी माझ्या पदरचा घातलाय. पोरीला म्हटलं, तिथे कुणी मधेच टाळी वाजवली तरी डावा हात सुरू करायचा आणि शेवटपर्यंत जायचं. ती म्हणाली, "वो तो करूँगीच ना मॅम." तिला त्यात काही अवघड वाटलं नाही. शेवटच्या कमानीबद्दल, जी जाड रेघ ओलांडून जाते तिच्याबद्दल, मी लिहिलं की निश्चित सांगता येत नाही.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाहीये, म्हणून त्यांना जे लिहिलं नाही ते इथे लिहिते. ती शेवटची कमान मला कीबोर्डवर जमत नाही. धरून ठेवलं तरी सूर विरतोच, पेडल दाबलं तरी विरतो, थोडा उशिरा. तुम्ही तिथून कुठे गेलात आणि परत कुठल्या सुरावर यायचं होतं, ते कागदावर नाही. म्हणून आज दुपारी पोरं गेल्यावर वर घरात येऊन लग्नातली ती पेटी माळ्यावरून काढली, धूळ झटकली, आणि तुमचा शेवटचा सूर धरून भाता हलवत बसले. पेटीचं बरं असतं, भाता हलतोय तोवर सूर संपत नाही. आत गॅसवर तुमचं पातेलं होतं. दूध वर येतानाचा वास आला. मग चर्र झालं. मग करपल्याचा वास आला. मला सगळं कळत होतं, बाई. मी उठले नाही.